चोवीस नंबरचं पाकीट

आधीच सांगून टाकते – चौकात कुणी लिंबू-मिरच्या टाकल्या असल्या की मी त्या ओलांडून जाते, वळसा घालून नाही. आईला याचा भारी राग. अशा विचित्र अनुभवांच्या या सदरात लोक जे लिहितात ते मी जेवता जेवता वाचायचे आणि हसायचे. ‘मागे वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं’ वगैरे... अहो, नसेल तर नसेल, त्यात काय लिहायचं? तर आज मीच लिहायला बसले आहे. तुम्हीही हसा, माझी हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी वडनेर भोलजीची. वडील शाळेत क्लार्क. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होते, विषय मानसशास्त्र, आणि घाटाखालच्याच एका तालुक्याच्या गावी रोज एसटीने कॉलेजला जायचे. कॉलेजचं नाव देत नाही, आणि खाली जी नावं येतील ती बदललेली आहेत. बाकी सगळं जसंच्या तसं.

आमची मानसशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची खोली. दोन लोखंडी कपाटं, आरशात बघून चांदणी गिरवायचं एक यंत्र, एक लाकडी भूलभुलैया आणि तीन स्टॉपवॉच, त्यातलं एक चालणारं. या खोलीच्या दारावर एक दिवस कागद लागला – पदवीच्या विद्यार्थ्यांमधून दोन संशोधन सहायक घेणे आहेत. आम्हाला मानसशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमचा स्वतःचा अभ्यास होता, म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीवर. खेड्यांत जायचं, साठीच्या पुढच्या लोकांसोबत बसायचं, त्यांना पंधरा शब्द वाचून दाखवायचे आणि वीस मिनिटांनी विचारायचं, काय काय आठवतं? काम चांगलं झालं तर शेवटी मॅडमच्या सहीचं शिफारसपत्र.

ते पत्र मला हवं होतं. नुसतं हवं नाही, त्याच्यावर माझं सगळंच अडलं होतं. बाबांनी घरी सांगून टाकलं होतं, “मॅडमचं पत्र आनलं अन् अमरावतीले एम.ए.ले नंबर लागला, तं जाय. नाई तं काकाच्या कृषी केंद्रात कम्प्युटरवर बस.” काका भला माणूस आहे. पण आयुष्यभर कीटकनाशकांची बिलं मारत बसायची माझी तयारी नव्हती.

मुलाखतीला आम्ही नऊ जण. मॅडमनी प्रत्येकाला एकच विचारलं, “गेल्या सोमवारी सकाळी काय खाल्लं होतं?” कुणी पोहे सांगितले, कुणी उपमा, एकाने तर चटणीसकट सांगितलं. मी म्हटलं, “आठवत नाही, मॅडम.” मग घाबरून पुढे जोडलं, “खाल्लं होतं मात्र नक्की.” मॅडम हसल्या आणि मला घेतलं. म्हणाल्या, “जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणता येतं ना तुला, बस. बाकीचं मी शिकवीन.” दुसरा निवडला गेला गौरव, कारण त्याच्याकडे मोटारसायकल होती.

आता यातली गोम सांगते. आपल्याकडची माणसं मदतीशिवाय राहूच शकत नाहीत. पहिल्याच आठवड्यात गौरव एका आजोबांसमोर बसला आणि आजोबा अडकले की हाताने खुणा करायला लागला. ‘छत्री’ आठवेना तर यानं डोक्यावर हात धरला. आजोबांना पंधरापैकी पंधरा. मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकलं, त्यात आजोबाच म्हणत होते, “हं, डोक्यावरची... टोपी? नाई? मंग छत्री.” झालं. तेव्हापासून नियम बदलले. प्रत्येक माणसाला एक नंबर, प्रत्येक नंबरची वेगळी यादी, आणि ती यादी जाड खाकी पाकिटात. पाकिटाच्या जोडावर मॅडमची जांभळी सही, वरून सेलोटेप. पाकीट त्या माणसासमोरच फोडायचं, तोवर आम्हालाही शब्द माहीत नाहीत. फोनवरचं रेकॉर्डिंग आधीपासून होतंच, आता ते मधे बंद करायचं नाही. समोरचा जे बोलेल ते, त्याच क्रमाने, जसंच्या तसं लिहायचं. आणि चूक झाली तर लपवायची नाही, फॉर्मच्या मागे लिहायची. मागच्या वर्षी एकीने बसस्टँडवर बसून पाच फॉर्म मनानेच भरले होते. मॅडमनी त्या पाचही घरी फोन लावला. तिला काढलंच, आणि पत्र तर सोडाच.

मार्गशीर्षातली गोष्ट. संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात मला एकाच घरातली दोन माणसं करायची होती. शेषरावकाका नंबर तेवीस, त्यांची बायको पंचफुलाबाई नंबर चोवीस. भाजीपाल्याची शेती, घर शेतातच. सकाळचे साडेदहा वाजले असतील. ऊन कोवळं होतं, समोर तुरी उभ्या, ओट्यावर उपटलेल्या मेथीचा हिरवागार ढीग. मला तिथे बसल्याबरोबर बरं वाटलं.

काकांपासून सुरुवात करायची म्हणून मी फोन चालू केला, तेवीसचं पाकीट वर काढलं, आणि तेवढ्यात विहिरीकडून कुणीतरी ओरडलं – लाईट आली. मोटरीला लागणारी थ्री फेज वीज आठवड्यातून काही दिवसच दिवसा मिळते, बाकी रात्री. काका ताडकन उठले.

“बाई, मी मोटर टाकून येतो. तवलोक हिचं घेऊन घे.”

पंचफुलाबाई मेथीतूनच म्हणाल्या, “माह्यं काय घेतं वं? मले काई येत नाई.”

“काही यावं लागत नाही, मावशी. मी शब्द वाचते, तुम्ही ऐका.”

आणि मी वर होतं तेच पाकीट फोडलं. तेवीसचं. हीच माझी चूक. माणूस बदलला, पाकीट बदलायचं राहिलं, आणि मला तेव्हा ते कळलंसुद्धा नाही.

मी वाचलं – गहू, टोपी, नदी, कुलूप, अंगठी... असे पंधरा. प्रत्येकामध्ये दोन सेकंद. मावशी हात थांबवून, मान किंचित वाकडी करून ऐकत होत्या, लग्नाची बोलणी ऐकावीत तसं. मग मी स्टॉपवॉच लावलं. मधली वीस मिनिटं शब्दांबद्दल बोलायचं नाही, दुसरं काहीतरी करायचं. दुसरं म्हणजे मेथी. त्या जुड्या बांधत होत्या, मीही बांधायला लागले. माझ्या जुड्या पाहून म्हणाल्या, “अशी जुडी बजारात ठेवली तं गिऱ्हाईक म्हनंन, बाईले ताप आलता का?” मग आपणच बोलायला लागल्या. शाळेत गेल्या होत्या, दुसरीपर्यंत. पण दुसरीच्या परीक्षेआधीच धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला घरी ठेवून घेतलं.

“परीक्षा देलीच नाई मी. सारा अभ्यास येत होता. म्हनून इचारतो, तुह्या ह्याच्यात पास-नापास असते का?”

“नसतं, मावशी.”

“असते वं. लिहून घेते तिथं असतेच.”

वीस मिनिटं झाली. मी फॉर्म पुढे ओढला आणि म्हटलं, आता सांगा काय आठवतं ते. त्यांनी एक जुडी हातात घेतली, बांधली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “माठ.” दुसरी बांधली. “बैल.” तिसरी. “पायरी.”

मी लिहीत गेले. साबण, ढग, सुई, जांभूळ. एका जुडीला एक शब्द, न अडखळता. पण माझ्या यादीतला एकही शब्द येत नव्हता. गहू नाही, टोपी नाही. मला वाटलं, बिचारीला काहीच आठवत नाही आणि लाजेपायी मनाला येईल ते सांगते आहे. पंधरावा शब्द ‘आरसा’. मग त्या थांबल्या, हातातल्या मेथीकडे पाहिलं आणि जरा हळू आवाजात म्हणाल्या, “अन् कंदील.”

“झालं?”

“झालं. बराबर आले ना सारे?”

मी ‘छान’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फॉर्मवर शून्य लिहायला हात वळेना, म्हणून ती चौकट तशीच सोडली.

काका ओल्या पायांनी आले, समोर बसले. मी पिशवीतलं पाकीट काढलं. त्यावर चोवीस लिहिलेलं. मग ओट्यावर फाटून पडलेल्या पाकिटाकडे पाहिलं – तेवीस. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. एका फटक्यात दोन फॉर्म खराब. पण मॅडम म्हणायच्या, चूक झाली तरी काम अर्धवट सोडायचं नाही. पाकीट मी हातात फिरवून पाहिलं. सही अखंड, टेप अखंड. ते मी काकांसमोर फोडलं आणि वाचायला लागले.

“माठ.”

दोन सेकंद.

“बैल.”

‘पायरी’ म्हणताना माझा आवाज माझा मलाच परका वाटला. साबण. ढग. सुई. जांभूळ. मी कागद मांडीवर दाबून धरला. काका माझ्याकडे पाहत होते. तेवढ्यात मागून, मेथीच्या ढिगातून, अगदी सहज आवाजात मावशी म्हणाल्या, “हे तं मघाच सांगतलं ना तुनं मले. त्यायले बी तेच देतं का?”

मी यादी पूर्ण वाचली. कशी वाचली मलाच ठाऊक. पंधरा शब्द, तोच क्रम, आरशापर्यंत. फक्त ‘कंदील’ त्यात नव्हता.

काकांना वीस मिनिटांनी सहा शब्द आठवले, आणि सातवा ‘ट्रॅक्टर’ होताच असं म्हणून ते माझ्याशी भांडले. निघताना मावशींनी माझ्या पिशवीत वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, कोंबला. म्हणाल्या, “मी सांगतलं तसंच लिह्यजो बरं.”

भीती वाटली का? खरं सांगू, तिथे नाही वाटली. त्या बाईच्या ओट्यावर भिण्यासारखं काही नव्हतंच. अंगावर काटा आला तो एसटीत, इअरफोन लावल्यावर. मला आशा होती की मीच घोटाळा केला असेल. पण रेकॉर्डिंगमध्ये माझा स्वच्छ आवाज – गहू, टोपी, नदी, कुलूप. नंतर आमच्या मेथीच्या गप्पा. नंतर त्यांचा आवाज – माठ, बैल, पायरी. मधे कुठेही कागदाचा, पाकिटाचा आवाज नाही. चोवीसचं पाकीट फुटल्याचा आवाज या सगळ्यानंतर आहे.

बसस्टँडवर गौरव भेटला. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “रेकॉर्डिंग डिलीट मार अन् असं लिह्य. चोवीसवाल्या बाईले चोवीसची यादी वाचली, तिनं पंधरा सांगतले. बुढ्याचं राह्यलं, तो मोटर टाकायले गेल्ता. कोन पाह्यते?”

“आणि हे झालं त्याचं काय?”

“मॅडमले हे सांगशीन तं त्यायले वाटंन, फॉर्म घरीच भरला. मांगच्या वर्षीवालीचं काय झालं, माहीत आहे ना तुले?”

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. खरं सांगितलं तर खोटं वाटणार आणि खोटं लिहिलं तर एकदम खरं दिसणार – अशी ती गंमत होती. शनिवार-रविवार सुट्टी. मी नवा फॉर्म घेतला आणि पेन्सिलने भरला. नंबर चोवीस, यादी चोवीस, पंधरापैकी पंधरा. कंदील गाळला. इतका सुंदर फॉर्म मी त्या आख्ख्या वर्षात भरला नसेल.

रविवारी दुपारी आईने ती वांगी केली. जेवताना म्हणाली, “कुठची वं ही वांगी? लइ गोड हायेत.” मी ताटातलं वांगं बाजूला सारलं. त्या बाईने सोळा शब्द सांगितले होते आणि मी पंधरा लिहिले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं बोलणं कागदावर उतरवून घेत होतं, आणि त्यातला एक शब्द मी माझ्या सोयीसाठी खाल्ला होता. जेवण झाल्यावर मी तो सुंदर फॉर्म फाडला.

सोमवारी मॅडमच्या टेबलावर दोन्ही पाकिटं, दोन्ही फॉर्म आणि फोन ठेवला. मॅडम मूळच्या मेहकरच्या, शांत बाई. आवाज चढवणं त्यांना माहीत नाही, त्यामुळे भीती जास्त वाटते. त्यांनी रेकॉर्डिंग एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं. सही भिंगाखाली धरली, टेपची कड नखाने तपासली.

“तू हे आधी उघडलं होतंस?”

“नाही, मॅडम.”

“याद्या माझ्या कपाटात होत्या. चावी कुणी घेतली होती?”

“चावी तुमच्या पर्समध्येच असते, मॅडम.”

मग त्यांनी फॉर्म वाचला, शेवटपर्यंत, आणि तिथेच थांबल्या. “हा कंदील कुठून आला?”

“माहीत नाही. त्या बोलल्या, मी लिहिलं.”

मॅडम उठल्या. कपाटातून त्यांची स्वतःची वही काढली, ज्यात त्या याद्या आधी कच्च्या लिहायच्या. चोवीसचं पान काढून माझ्यासमोर धरलं. पेन्सिलीने एकाखाली एक सोळा शब्द होते. वरून तिसऱ्या जागी ‘कंदील’, आणि त्यावर आडवी रेघ.

“आता कुणाच्या घरात कंदील नसतो म्हणून मी तो काढला,” मॅडम म्हणाल्या. “टाईप करायच्या आधी. ही वही मी कुणालाच दाखवलेली नाही.” मग त्यांनी वही मिटून परत कपाटात ठेवली. शेवटी म्हणाल्या, “हा फॉर्म अभ्यासातून वगळावा लागेल.”

“आणि मला?” मी विचारलं.

“तुला कशाला? तुझी अकरा घरं राहिलीत अजून.”

ती अकरा घरं मी केली. काही चमत्कार झाला नाही. कुणाला पाच आठवले, कुणाला आठ, एका आजोबांनी यादीऐवजी मला गणपतीची आरती म्हणून दाखवली. उन्हाळ्यात पत्र मिळालं. मॅडमनी त्यात कामाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटी ही एक – ‘जे ऐकलं ते लिहिण्याची आणि जे समजलं नाही ते समजलं नाही असं म्हणण्याची हिंमत या विद्यार्थिनीत आहे.’ बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “बॅग तं घ्या लागंन मंग नवी.”

मी आता अमरावतीला एम.ए. करते. इथल्या सरांना, मैत्रिणींना हे सांगितलं आहे. कुणी म्हणतं पाकिटातून आरपार दिसलं असेल – पाकीट जाड खाकी, माझ्या पिशवीत, आणि मावशींना जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही. कुणी म्हणतं योगायोग. पंधरा शब्दांचा, त्याच क्रमाने? तो फॉर्म मॅडमनी फेकलेला नाही, एवढं मला माहीत आहे.

अमरावतीला निघण्याआधी मात्र मी एकदा त्या शेतावर जाऊन आले. मावशी ओट्यावरच होत्या, या वेळी पालक होता.

“मावशी, सांगायला आले. तुम्ही पास.”

त्यांनी पदराने हात पुसले, मग तोंड पुसलं. आत पाहून नवऱ्याला हाक मारली, “ऐकलं का? पास झाली मी. तुमचे सहाच आले होते.” काका आतून काहीतरी ट्रॅक्टरबद्दल बोलले.

चहा झाल्यावर मी विचारलंच. “मावशी, कंदील कसा काय सांगितला तुम्ही? तो तर वर, तिसरा होता. तुम्ही सगळ्यात शेवटी का सांगितला?”

त्या माझ्याकडे असं पाहायला लागल्या, जणू एवढी शिकलेली पोरगी आणि इतकं साधं कळू नये.

“काऊन म्हंजे? तो खोडेल होता ना,” मावशी म्हणाल्या. “घ्याव का नाई, समजे ना. म्हनून मांगून सांगतला.”

बांधावर येऊन मी मॅडमना फोन लावला आणि हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “लिहून ठेव. बोलली तसंच.”

म्हणून लिहिलं.